आवळलेला जबडा आणि बोटॉक्सचं इंजेक्शन: आधी काय तपासावं, कसं घ्यावं, नंतर काय सांभाळावं

पूर्वी पेशंट येऊन सांगायचे, "सकाळी उठलं की जबडा भरून आलेला असतो," किंवा "घरचे म्हणतात मी झोपेत दात खाते." आता थेट विचारतात, "डॉक्टर, जबड्याचं बोटॉक्स देता का?" बहुतेकांनी मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात सुई टोचण्यापासून पुढचं सगळं दिसतं. सुईच्या आधी काय काय करायचं असतं, ते कुणी दाखवत नाही.

मी दंतवैद्य आहे आणि हे इंजेक्शन देते. योग्य माणसाला त्याने खरोखर आराम पडतो हे मी अनेकदा पाहिलं आहे. पण विचारायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्याची गरज नसते. काहींचं दुखणं वेगळ्याच कारणाचं असतं आणि इंजेक्शनच्या नादात ते कारण मागे पडतं. म्हणून पहिल्या शंकेपासून औषधाचा परिणाम ओसरेपर्यंतचा सगळा क्रम इथे मांडते आहे.

हे औषध करतं काय

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं हे विष. बोटॉक्स हे त्यापासून बनवलेल्या औषधाचं एक ब्रँडनाव. लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युस्टिनुस कर्नर या जर्मन डॉक्टरांनी खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली होती. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीच्या जेवणातलं डुकराचं मांस खाऊन लोक आजारी पडले, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. याच विषाचा अत्यल्प डोस औषध म्हणून वापरण्याचं श्रेय सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांचं. तिरळेपणा आणि पापण्यांचा झटका यांसाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांचं प्रकरण नंतरचं, २००२ चं.

मेंदूकडून "आवळ" असा निरोप नसेतून येतो, तेव्हा नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो. हे रसायन बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन बोट्युलिनमचं विष कापून टाकतं. निरोप येतो, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. स्नायू सैल राहतो. तीन-चार महिन्यांत नसेचं टोक पुन्हा कामाला लागतं आणि परिणाम ओसरतो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मेंदू निरोप पाठवायचा थांबत नाही. झोपेत स्नायूंच्या विद्युत हालचाली मोजून केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की इंजेक्शननंतर रात्री दात खाण्याची वारंवारता फारशी घटत नाही, घटतो तो आवळण्याचा जोर. दात, दाढा, कॅप आणि सांधा यांवरचा भार त्यामुळे हलका होतो, हे खरं. पण सवय जिथल्या तिथे असते. हे एकदा पक्कं समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या का आहेत ते आपोआप कळतं.

आणखी एक: दात आवळण्यासाठी हा वापर औषधाच्या मूळ मान्यतेत बसत नाही. अशा वापराला 'ऑफ-लेबल' म्हणतात. ते बेकायदा नसतं, डॉक्टर अनुभव आणि अभ्यासांच्या आधारावर तसा निर्णय घेऊ शकतात. पण ही गोष्ट तुम्हाला आधी सांगून, तुमची लेखी संमती घेऊनच सुई उचलली पाहिजे.

पायरी १: आरसा, बोटं आणि एक वही

दोन्ही हातांची बोटं गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर आणि पुढे ठेवा. दाढा घट्ट आवळा. बोटांखाली जो गोळा टणक होऊन वर येतो तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलावर न्या आणि पुन्हा आवळा. तिथे पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हलताना जाणवेल. दाबल्यावर यांतला कुठला दुखतो, कुठल्या बाजूला जास्त दुखतो, ते लिहून ठेवा.

मग आरशासमोर तोंड उघडून बघा. जिभेच्या कडेला दातांचे खळगे उमटलेत का? गालाच्या आत, दात मिटतात त्या उंचीवर पांढरी आडवी रेघ आहे का? सुळ्यांची टोकं सपाट झालीत का? हे तिन्ही दिसलं तरी रोग आहेच असं नाही. सुळे दहा वर्षांपूर्वी झिजलेले असू शकतात, आणि आज तुम्ही दात खातच नसाल.

आपली तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का पाहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडतं. तीन बोटं बसत नसतील तर पुढची पायरी नीट वाचा.

नंतर किमान दहा दिवसांची नोंद ठेवा. सकाळी उठताना जबड्याचं दुखणं शून्य ते दहांत किती, डोकं दुखत होतं का, आणि दिवसात चार-पाच ठरलेल्या वेळी दात एकमेकांना टेकलेले होते का, एवढंच. मी मोबाइलवर दर दोन तासांनी गजर लावायला सांगते. गजर वाजला की त्या क्षणी दात कुठे आहेत बघायचं. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी जणांना पहिल्यांदा याच वहीतून कळतं की आपण रात्रीपेक्षा दिवसाच जास्त आवळतो: संगणकासमोर, दुचाकीवर खड्डे चुकवताना, भाजी चिरताना. दिवसाचं आवळणं आणि झोपेतलं दात खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन त्यांच्या व्याख्याही वेगळ्या केल्या, आणि एरवी निरोगी असलेल्या माणसात याला आजार न मानता स्नायूंची एक वागणूक मानावं असं म्हटलं. त्रास होत नसेल, दात तुटत नसतील, तर नुसत्या दात खाण्यावर उपचार लागतोच असं नाही.

लहान मुलांचं इथेच सांगून टाकते. मूल झोपेत दात खातं म्हणजे पोटात जंत झालेत, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. जंतांचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर द्या, पण दात खाण्याचं खापर जंतांवर फोडायला भक्कम पुरावा नाही. बहुतेक मुलांची ही सवय मोठं होताना आपसूक जाते. घोरणं, तोंडाने श्वास घेणं, सुजलेले टॉन्सिल असतील तर तिकडे लक्ष द्या. या इंजेक्शनचा मुलांच्या दात खाण्याशी काही संबंध नाही.

पायरी २: दुखणं खरंच स्नायूचं आहे ना

या पायरीवर घाई करणाऱ्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊ नका, इतकं स्पष्ट मी सांगते.

आपल्याकडे सगळ्यात आधी विचारायची गोष्ट म्हणजे सुपारी, गुटखा, मावा, खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी दवाखान्यात रोज तोंडं दिसतात. वर्षानुवर्षं सुपारी चघळल्याने गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, ताठ होत जातं, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं कमी होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. सतत चघळल्यामुळे मॅसेटरही फुगतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला "स्नायू मोठा झालाय, बोटॉक्स देऊ" असं वाटू शकतं. पण तोंड उघडत नाही ते ताठ झालेल्या अस्तरामुळे. स्नायू सैल करून तिथे काही हाती लागत नाही, आणि तपासणी लांबते. दोन आठवड्यांहून जास्त काळ न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर आधी बायोप्सीचा विचार.

अक्कलदाढेभोवती पू झाला की जबडा आखडतो. जखम होऊन काही दिवसांनी दातखिळी बसली तर ते धनुर्वाताचं लक्षण असू शकतं, तेव्हा सरळ रुग्णालय गाठा. गालावर विजेचा झटका बसल्यासारखी, काही सेकंदांची कळ येत असेल तर ती नसेची असते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, सोबत घाम, छातीत जडपणा, असं असेल तर दातांच्या डॉक्टरकडे यायचंच नाही, हृदयाची तपासणी करायची. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखू लागलं, कानशिलावर हात लावू देववत नाही, चावताना जबडा थकतो, दृष्टीत फरक वाटतो, हे सगळं एकत्र आलं तर त्याच दिवशी फिजिशियन गाठा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आल्याची ही लक्षणं असू शकतात, आणि त्या सुजेने नजर जाऊ शकते.

जबड्याच्या सांध्यात कटकट आवाज येणं आणि स्नायू दुखणं यांतही फरक आहे. आवाज सांध्यातल्या चकतीचा असतो, इंजेक्शनने तो जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

याच वेळी घेत असलेल्या गोळ्यांची यादी दाखवा. नैराश्य आणि चिंतेसाठीच्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारख्या औषधांनी काही जणांत दात आवळणं सुरू होतं किंवा वाढतं. ती स्वतःहून मुळीच बंद करू नका. मनोविकारतज्ज्ञांना कळवा, ते डोस किंवा औषध बदलू शकतात. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा डुलक्या, सकाळी कोरडं तोंड असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. छातीतली जळजळ, रात्री उशिरा घेतलेला चहा-कॉफी, दारू आणि सिगारेट यांचाही दात खाण्याशी संबंध सापडलेला आहे.

पायरी ३: सुईच्या आधीचे सहा ते आठ आठवडे

पहिला उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. "म" म्हणा आणि तिथेच थांबा. ओठ मिटलेले आहेत, पण दात सुटे आहेत. आता जिभेचं टोक "न" म्हणताना जिथे टेकतं तिथे, वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे, हलकं ठेवा. नाकाने श्वास घ्या. जबड्याची विश्रांतीची जागा हीच. या स्थितीत वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटरची फट असते. खाताना आणि गिळताना सोडलं तर दातांनी दिवसभरात एकमेकांना भेटायचं कारणच नाही. मघाचा दोन तासांचा गजर आता या कामाला लावा: गजर वाजला की म, न, आणि खांदे खाली.

दिवसातून दोनदा १५ मिनिटं कोमट फडक्याने गाल आणि कानशील शेका. मग बोटांनी मॅसेटरवर गोल, सावकाश मालिश. तोंड हळूच उघडून, जीभ टाळूला चिकटवलेली ठेवून, पाच-सहा वेळा उघडझाप. च्युइंग गम, सुपारी, बडीशेपेची सवय, बर्फ चावणं, पेन चावणं, नखं खाणं, सगळं थांबवा. फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम, कारण मान आणि जबडा एकत्रच आखडतात.

रात्रीसाठी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच. त्याबद्दल दोन गोष्टी. पूर्ण ओळ झाकणारा, कडक अ‍ॅक्रिलिकचा, तुमच्या दातांच्या मापाने बनवलेला आणि खुर्चीत बसवून घासून जुळवलेला हवा. ऑनलाइन मिळणारे, गरम पाण्यात टाकून चावायचे मऊ गार्ड काही जणांत आवळणं वाढवतात, रबर मिळाल्यावर जबडा ते चावतच बसतो. गार्डही सवय मोडत नाही, तो दात वाचवतो. थंड पाण्याने ब्रशने धुवायचा. उकळत्या पाण्यात टाकला तर तो वाकतो आणि पुन्हा बसत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा तरी तपासणीला या.

मेडिकलमधून 'मसल रिलॅक्संट' गोळी आणून महिनोन्महिने घेणारेही भेटतात. या गोळ्या सगळ्या अंगावर काम करतात, झोप आणतात आणि डॉक्टरांनी सांगितल्या तेवढे थोडे दिवसच घ्यायच्या असतात. इंजेक्शनशी त्यांचं नावापुरतंच नातं.

एवढं मनापासून केलं की निम्म्याहून जास्त जण परत येऊन सांगतात, "डॉक्टर, आता सुईचं राहू द्या." हा आकडा माझ्या दवाखान्याचा आहे, संशोधनाचा नव्हे. पण तो मला दरवर्षी दिसतो.

पायरी ४: मग इंजेक्शन कुणासाठी

वरचं सगळं करूनही ज्यांचा स्नायू दुखतोच आहे. ज्यांच्या कॅप, ब्रिज किंवा इम्प्लांट वारंवार तुटताहेत. ज्यांना गार्ड तोंडात सहन होत नाही. ज्यांचा मॅसेटर इतका मोठा झालाय की आवळण्याच्या जोराने दाढांना तडे जाताहेत. या लोकांना मी इंजेक्शन सुचवते. नुसता चेहरा निमुळता दिसावा म्हणून मागणाऱ्यांशी मी वेगळं बोलते, कारण त्यांच्यासाठी फायद्या-तोट्याचा हिशोब बदलतो. चाळिशी-पन्नाशीत त्वचा सैल झालेली असेल तर स्नायू आटल्यावर गाल लोंबल्यासारखे दिसू शकतात.

मायस्थेनिया ग्रेव्हिस, लॅम्बर्ट-ईटन किंवा एएलएस यांसारखे नसा-स्नायूंचे आजार असतील तर हे औषध नको. टोचायच्या जागी फोड, पुरळ किंवा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत नको. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर थांबा. जेंटामायसिन, अमिकॅसिन या गटातली अँटिबायोटिक चालू असतील तर परिणाम वाढू शकतो, म्हणून सांगा. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर याच औषधाचा डिस्पोर्ट हा दुसरा ब्रँड चालत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गालावर काळंनिळं पडेल. पण त्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करायच्या नाहीत. काळा डाग आठवड्यात जातो.

पायरी ५: कुणाकडून, आणि काय विचारून

ज्यांच्याकडे राज्याच्या दंत किंवा वैद्यकीय परिषदेची नोंदणी आहे आणि ज्यांनी या इंजेक्शनचं प्रशिक्षण घेतलंय, त्यांच्याकडूनच. गालात काय काय आहे हे ज्याने शरीररचनेत शिकलंय त्याच्याच हातात ही सुई शोभते. ब्यूटी पार्लर, हॉटेलातली शिबिरं, कुणाच्या घरची 'बोटॉक्स पार्टी', यांना ठाम नाही म्हणा.

जाताना हे प्रश्न नेमके विचारा. कुठला ब्रँड? बाटली माझ्यासमोर उघडाल का, तिच्यावरची मुदत आणि बॅच क्रमांक माझ्या कागदावर लिहाल का? ती २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवली होती का? आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, त्यामुळे फ्रिजला बॅकअप आहे का हा प्रश्न मुळीच आगाऊपणाचा नाही. पाण्यासारखं दिसणारं औषध आधीच सिरिंजमध्ये भरून आणलं असेल तर आत काय आहे, किती पातळ केलंय, कधी केलंय, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

युनिट हा शब्द समजून घ्या. १ युनिट म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या चाचणीने ठरवलेली ताकद, आणि प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळी. म्हणून बोटॉक्सचं १ युनिट आणि डिस्पोर्टचं १ युनिट सारखं नसतं. ढोबळमानाने बोटॉक्सच्या १ युनिटसाठी डिस्पोर्टची अडीच ते तीन लागतात. "तिकडे शंभर युनिट देतात, तुम्ही पन्नासच" ही तुलना ब्रँड माहीत असल्याशिवाय फोल आहे. किंमत विचारताना प्रति युनिट विचारा, किती युनिट देणार ते विचारा, आणि दोन आठवड्यांनंतरच्या तपासणीचे पैसे त्यातच आहेत का तेही विचारा.

आणि तारीख. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एका मुलीच्या डाव्या गालात एक टोचा जरा जास्त पुढे गेला. हसू ओढणाऱ्या स्नायूपर्यंत औषध पसरलं आणि सहा आठवडे तिचं हसू एका बाजूला झुकलेलं राहिलं. त्याच महिन्यात तिच्या बहिणीचं लग्न होतं, आणि फोटोंत ती ओठ मिटून उभी आहे. तेव्हापासून घरात लग्नकार्य, मुलाखत, रंगमंचावरचा कार्यक्रम असेल तर त्याआधी किमान सहा-आठ आठवडे मोकळे ठेवल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

पायरी ६: इंजेक्शनचा दिवस

जेवून या. दाढी-मेकअप शक्यतो नको. आधी समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आवळून आणि सैल सोडून फोटो. तोंड किती उघडतं त्याचं माप. संमतीपत्र वाचून सही.

मग खुणा. कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मनात आखली जाते. टोचे तिच्या खाली, जबड्याच्या खालच्या कडेच्या वर, मॅसेटरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून साधारण १ सेंटिमीटर आत. या चौकटीचं कारण आहे: रेघेच्या वर लाळग्रंथीची नळी, पुढच्या कडेला चेहऱ्याची धमनी आणि हसण्याचा स्नायू, खालच्या कडेला ओठ खाली ओढणारी नस. डॉक्टर "आवळा" म्हणतील तेव्हा आवळा, स्नायूची कडा तेव्हाच बोटाला लागते. खुणा न करता कुणी थेट टोचू लागलं तर थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बाटलीतल्या पांढुरक्या पुडीत सलाइन घालून औषध तयार होतं. १०० युनिटच्या बाटलीत २.५ मिलिलिटर सलाइन घातलं तर ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. हलवताना फेस होऊ द्यायचा नसतो. बारीक, ३० नंबरची सुई, प्रत्येक बाजूला तीन ते पाच टोचे. बोटॉक्सच्या मापात मॅसेटरला एका बाजूला सर्वसाधारणपणे २० ते ३० युनिट, टेम्पोरॅलिस दुखत असेल तर तिथे १० ते १५. पहिल्या वेळी मी खालच्या आकड्यापासून सुरू करते. कमी पडलं तर दोन आठवड्यांनी वाढवता येतं, जास्त झालेलं काढून घेता येत नाही. दोन्ही बाजू सारख्या नसतील, आणि बहुतेकांच्या नसतातच, तर डोसही सारखा नसावा.

टोचणं मुंगी चावल्याइतकं दुखतं. सगळं मिळून दहा मिनिटं.

पहिला दिवस, पहिला आठवडा, पहिला महिना

त्या दिवशी चार तास आडवं होऊ नका, गाल चोळू नका, शेकू नका, फेशियल नको, हेल्मेटचा पट्टा घट्ट आवळू नका. व्यायामाला एक दिवस सुट्टी. यातल्या काही गोष्टींमागे रीतच जास्त आहे, पण त्या पाळायला सोप्या आहेत आणि औषध जागच्या जागी राहावं हा हेतू आहे. हलकं डोकं दुखणं, टोचल्या जागी सूज, एखादा निळा ठिपका हे दोन-चार दिवसांत जातं.

पहिले दोन-तीन दिवस काहीच वाटणार नाही. "फुकट गेलं" असं समजू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसात आवळण्यातला जोर गेल्यासारखा वाटतो, पूर्ण परिणाम दोन ते चार आठवड्यांत येतो. चेहऱ्याच्या कडेतला फरक स्नायू आटल्यावर, म्हणजे आणखी उशिरा, सहा-आठ आठवड्यांनी दिसतो.

या काळात चावताना जबडा लवकर थकतो. बाजरीची भाकरी, मटण, ऊस, चिक्की काही आठवडे जड जाईल. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खा, मऊभात, उपमा, शिजवलेल्या भाज्या ठेवा. कुरकुरीत चकलीचा मोह आवरा. हा थकवा अपेक्षित आहे आणि बहुतेकांत पहिल्या दीड महिन्यात कमी होतो.

गार्ड घालणं आणि म-नचा गजर थांबवायचा नाही. उलट हेच ते तीन महिने आहेत जेव्हा सवय बदलणं सोपं जातं, कारण आवळलं तरी स्नायू साथ देत नाही. वही पुन्हा सुरू करा. दोन आठवड्यांनी डॉक्टरांना भेटा, तेव्हाच फोटोंची आणि मापांची तुलना करा.

काही बिघडलं तर

चावताना गालात अचानक एक गाठ फुगून वर येते, सोडलं की जाते. मॅसेटरचा एखादा थर औषधातून सुटला की तोच एकटा जोर लावतो, त्यातून हे होतं. घाबरण्यासारखं नाही, तपासणीत त्या थरात थोडं औषध देऊन ते आटोक्यात येतं. हसू वाकडं झालं तर त्यावर उलटा उतारा नाही, काही आठवडे वाट पाहावी लागते. तोंड कोरडं पडलं तर औषध लाळग्रंथीकडे पसरलेलं असू शकतं.

एक गोष्ट मात्र कधीच थांबून पाहायची नाही. गिळायला त्रास, आवाज घोगरा होणं, पापण्या जड होऊन खाली येणं, दुहेरी दिसणं, श्वास घ्यायला जड जाणं, अंगभर अशक्तपणा. हे काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही होऊ शकतं, फार क्वचित होतं, पण झालं तर रात्र असो की सुट्टी, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि कुठलं औषध, किती युनिट, कधी घेतलं तो कागद दाखवा. बॅच क्रमांक लिहून घ्यायला मी सांगितलं होतं तो यासाठी.

पुन्हा घ्यायचं का

दोन आठवड्यांनंतरची छोटी भर सोडली तर दोन इंजेक्शनांत किमान १२ आठवडे जाऊ द्या. वरचेवर आणि मोठ्या डोसात घेतलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि मग खरी गरज पडते तेव्हा ते काम करत नाही. हाडांचा मुद्दाही आहे. चावण्याचा भार कमी झाल्यावर जबड्याच्या सांध्याजवळचं हाड विरळ होतं असं सशांवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एवढ्यावर इंजेक्शन टाळावं असं मी म्हणणार नाही, पण वर्षानुवर्षं दर तीन महिन्यांनी घेत राहण्याच्या मी विरोधात आहे.

परिणाम ओसरू लागला की तारखेवर न जाता वही उघडा. दुखणं इंजेक्शनच्या आधीच्या आकड्यापर्यंत परतलंय का? दिवसाच्या गजराला दात सुटे सापडताहेत का? गार्डवर नवे ओरखडे आहेत का? दुखणं अर्ध्यावर राहिलं असेल तर मी दुसऱ्या वेळी सुई देत नाही, अजून एक महिना बघते. पूर्ण परतलं असेल तर आधीपेक्षा कमी युनिटमध्ये देते. आणि दोन वेळा नीट डोस देऊनही काहीच फरक पडला नसेल, तर तिसरं इंजेक्शन लिहिण्याऐवजी मी पेशंटला पुन्हा दुसऱ्या पायरीवर नेते: तोंडाचं माप, गोळ्यांची यादी, झोपेची तपासणी, सांध्याचा एमआरआय.